तालीम का बंद पडली?



संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलंब्री लागते. ह्याच तालुक्यातल्या एका लहानशा गावी माझे आजोळ आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे गेलो असता एक प्रसंग घडला. तो तसा साधाच होता. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला त्याने एक प्रश्न घालून दिला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे भाषण आहे.

सकाळची वेळ होती. आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर गावातली बारा-पंधरा माणसे बसली होती. आशाताई एकेकाचे नाव कागदावर लिहीत होत्या आणि मोजपट्टीने कमरेचा घेर घेत होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही पण या. तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांचंच घ्यायचंय." मी उठलो, आणि नकळत पोट आत ओढून उभा राहिलो. बाई हसल्या. "सर, श्वास सोडा. पट्टीला फसवून काय उपयोग?" पट्टी एकशे एक सेंटिमीटरवर थांबली. पुरुषाचा घेर नव्वदच्या आत असावा, स्त्रीचा ऐंशीच्या आत, असे त्यांनी सर्वांसमोर समजावून सांगितले. चारचौघांत माझी मान खाली गेली.

ओट्यासमोरच मारुतीचे देऊळ आहे, आणि देवळाला लागून गावची जुनी तालीम. तिच्या दाराला कुलूप होते. आत सरकीची पोती आणि खताच्या गोण्या ठेवतात, असे कळले. ह्याच तालमीत माझे मामा घडले. पंचक्रोशीच्या जत्रांतून त्यांनी नारळापासून फेट्यापर्यंत बक्षिसे आणली होती. पण पुढे त्यांना साखरेचा आजार जडला, मूत्रपिंडे गेली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. ज्याने आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे शरीर कमावले, त्याचेच शरीर असे का ढासळावे?

पट्टी गुंडाळता गुंडाळता आशाताई म्हणाल्या, "सर, तुम्ही इतिहास शिकवता ना? मग एवढं सांगा, आमच्या गावची तालीम का बंद पडली?"

प्रश्न लहान आहे. पण त्याचे उत्तर द्यायला आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पूर्वीची माणसे काटक होती, कारण ती शहाणी होती, नेमस्त खात होती, असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. ती काटक होती, कारण कष्टावाचून दिवस जात नव्हता. विहिरीचे पाणी मोटेने काढायचे, म्हणजे पहाटेपासून बैलांच्या मागे धावेवर खाली-वर करायचे. बाजाराला जायचे ते पायी. घरची बाई तर कोंबडा आरवण्यापूर्वी जात्यावर बसे, मग पाण्याच्या खेपा करी आणि त्यानंतर शेताची वाट धरी. एवढे करून पोटाला मिळे ती ज्वारी-बाजरीची भाकरी, वर ठेचा नाही तर वरणाचे पाणी. तेही दोन्ही वेळा मिळेलच असा भरवसा नव्हता. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती माणसे अजून गावोगावी आहेत. त्यांना विचारा. राज्यातील दुष्काळी कामांवर त्या काळात एका वेळी जवळजवळ पन्नास लाख माणसे खडी फोडीत आणि माती वाहत होती. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी ह्यांच्यावर किती घरे जगली, हे ती सांगतील. त्या माणसांना वजन वाढण्याची चिंता नव्हती. ते टिकवण्याची होती.

सांगायचा मुद्दा असा, की जुना काळ हा काही आरोग्याचा सुवर्णकाळ नव्हता. तिकडे परत जायचे नाही. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले, आणि ते उतरायलाच हवे होते. आपण जुन्या काळाकडून घ्यायचे ते दुसरेच काही आहे. ते काय, हे तालमीकडे पाहिले म्हणजे कळेल.

आपल्या मराठी मुलखात तालीम आणि मारुती ह्यांची जोडी जुनी आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आपल्याच मराठवाड्यात, आज जालना जिल्ह्यात असलेल्या जांब गावी झाला. सतराव्या शतकाच्या मध्यास त्यांनी कृष्णाकाठच्या परिसरात अकरा मारुती स्थापले. मारुतीपुढे बलोपासना करावी ही परंपरा त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर ह्यांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. एका लाकडी खांबावर अंगाचा प्रत्येक स्नायू कसा राबवावा, ह्याचे शास्त्रच त्यांनी घडवले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि खासबागेचे मैदान बांधले. त्याच कोल्हापुरात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

पण आपल्याला पदके मोजायची नाहीत. गावची तालीम आतून कशी चाले ते पाहायचे आहे. मध्ये तांबड्या मातीचा हौदा. मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ ठेवलेली. कोपऱ्यात करेल, मुद्गल, जोडी. भिंतीवर मारुतीची तसबीर. पहाटेची ठरलेली वेळ. माती उकरायचे काम नव्या पोराकडे. मग जोर, बैठका, मग लढत, शेवटी मातीनेच अंग चोळणे. आणि ह्या सर्वांवर वस्तादाची नजर. वस्ताद पगारी नसे. पण पोरगे दोन दिवस आले नाही, तर तिसऱ्या दिवशी तो घराच्या दारात उभा राही आणि बापाला विचारी, "पोरगं कुठंय? आजारी हाय का आळशी झालं?"

वाचकहो, तालमीचे सारे बळ ह्या एका प्रश्नात होते. जोर-बैठका घरीही काढता येतात. त्याला तालीम लागत नाही. पण घरी काढणारा चार दिवस काढतो आणि पाचव्या दिवशी पांघरूण ओढून झोपतो. तालमीत तसे चालत नसे, कारण 'आला का नाहीस' असे विचारणारे माणूस तिथे होते. हेच जात्याचेही खरे आहे. दोघी-दोघी जात्यावर बसत, ओव्या म्हणत. एकीचे मन जड असले तर दुसरी सावरून घेई. कष्ट होतेच, पण ते संगतीत होते.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात सभा भरवायची तर परवानगी लागे. खासगी शाळा काढायची तर परवानगी लागे. आखाड्यांवरही सरकारची नजर असे. माणसे एका ठिकाणी जमतात, नेमाने जमतात, एकमेकांची चौकशी करतात, ह्यात काही शक्ती आहे हे त्या राजवटीनेही ओळखले होते, असेच म्हणावे लागेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या विचाराला नवे वळण मिळाले. तोवर तालीम होती ती पैलवानाची. आता व्यायाम सर्वांचा व्हावा, अशी खटपट सुरू झाली. १९१४ साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. ह्या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत, आणि संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींकडून ते घालून घेत. राजवाड्यातल्या बायकाही त्यातून सुटल्या नाहीत. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगासनांची परीक्षा प्रयोगशाळेतील यंत्रांवर घेण्यास प्रारंभ केला. हे स्वामी बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांचे शिष्य. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. कोठे राजा, कोठे संन्यासी, कोठे संपादक. पण सर्वांचा रोख एकच होता. शरीराची निगा हे मूठभर मल्लांचे काम नसून घराघराचे काम आहे.

ह्याच मालिकेत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९४६ साली महात्मा गांधींनी निसर्गोपचाराचे केंद्र काढण्याचे मनावर घेतले. आरंभी ते पुणे शहरात, डॉक्टर दिनशा मेहतांच्या चिकित्सालयात चालवावे असा बेत होता. पण थोड्याच दिवसांत गांधीजींच्या ध्यानात आले, की खेड्यातला गरीब माणूस शहरातल्या केंद्रात येणार नाही. केंद्रानेच त्याच्याकडे गेले पाहिजे. आपली चूक झाली हे त्यांनी उघडपणे मान्य केले आणि पुण्याजवळच्या उरुळी कांचन ह्या खेड्यात जाऊन स्वतः रोगी तपासले. साधा आहार, स्वच्छ पाणी, ऊन, माती, विश्रांती असे उपचार तिथे सुरू झाले. गांधीजी काही दिवसांनी पुढच्या कामाला गेले. मागे राहिले ते मणिभाई देसाई. त्यांनी सारे आयुष्य तिथे घातले. म्हणून ते केंद्र टिकले. सल्ला देणारा येऊन जातो; संस्था टिकते ती राहणाऱ्यामुळे.

आणि आकाशवाणीच्या पुस्तिकेत बोलतो आहे, तेव्हा आकाशवाणीची एक आठवणही सांगितली पाहिजे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात श्रोत्यांचे मंडळ नेमले. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, गावकऱ्यांनी एकत्र बसून शेती, आरोग्य आणि गावकी ह्यांविषयीचे वीस कार्यक्रम ऐकले. ऐकून घरी जायचे नाही. तिथेच बसून बोलायचे आणि काय करायचे ते ठरवायचे. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. प्रयोगाची तपासणी झाली तेव्हा असे दिसले, की मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात इतर गावांपेक्षा पुष्कळ अधिक भर पडली होती. रेडिओ तोच, भाषण तेच. फरक पडला तो एकत्र बसण्याने.

आता तालमीच्या कुलपाकडे येऊ. गावातल्या एका आप्पांना मी विचारले. ते मामांच्या बरोबरीचे, त्यांच्याच जोडीचे पैलवान. ते म्हणाले, "सर, वस्ताद गेले अन् माती उकरायला कुणी ऱ्हायलं नाही. पोरं कामाला वाळूजला गेली. दुसरं म्हणजे, तुमच्या मामानं अन् म्यां तालीम सोडली, पण खुराक काही सोडला नाही. तिथंच घोटाळा झाला."

आप्पांच्या ह्या दोन वाक्यांत समाजशास्त्राचा एक धडा आहे. पहिले कारण असे, की तालीम एका माणसावर उभी होती. वस्तादाच्या मागे वस्ताद तयार झाला नाही. दुसरे कारण खुराकाचे. दूध, तूप, बदाम, थंडाई हे तीन-चार तास घाम गाळणाऱ्या शरीराचे अन्न. घाम थांबला आणि ताट तेवढेच राहिले, तर उरलेले अन्न अंगावर चढणारच. हे केवळ पैलवानांचे झाले नाही. आपणा सर्वांचे झाले. मोट गेली, विजेचा पंप आला. सायकल गेली, मोटारसायकल आली. आपल्या भागात बाजरीच्या रानात मका उभा राहिला. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, आणि भाकरीच्या जागी ताटात पोळी-भात आला. चहा दिवसाला दोन होता तो सहा झाला, आणि प्रत्येकात साखर. चौकात वडापाव, शेव, थंड बाटली. शरीर खुर्चीवर बसले आणि भूक अजून मोटेवरच राहिली.

तिसरे कारण आप्पांनी सांगितले नाही. ते मी सांगतो. तालीम अर्ध्या गावाची होती. बायकांना तिचा उंबरा बंद होता. काही गावांत जातीपातीचाही अडसर होता. जी संस्था अर्ध्या गावाची, तिच्या मोडण्याने अर्धे गाव हळहळले नाही, ह्यात नवल ते काय?

ह्या साऱ्याचा परिणाम आता आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के लोकांचे वजन उंचीच्या मानाने जास्त आढळले. आणि त्याच पाहणीत जवळजवळ १९ टक्के स्त्रिया व १६ टक्के पुरुष कमी वजनाचे निघाले. एकाच देशात, पुष्कळदा एकाच गल्लीत, उपासमार आणि लठ्ठपणा शेजारी-शेजारी नांदत आहेत.

हे दोन शेजारी एकमेकांचे नातलगही आहेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, हातपाय बारीक, स्नायू कमी. पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे दिसायला किरकोळ, आणि आत चरबी राखून ठेवलेले असे हे शरीर असते. पुढे त्याला बैठे काम आणि भरपूर अन्न मिळाले, की मधुमेहाचा धोका वाढतो, असे ह्या संशोधकांचे म्हणणे आहे. अर्धपोटी राहिलेल्या आईचे देणे लेकराच्या पोटावर असे दिसते. म्हणून वजनाचा काटा आपल्याला पुरत नाही, पट्टीही लागते. हातपाय काडीसारखे आणि पोट माठासारखे, अशी माणसे आपण रोज पाहतो आणि त्यांना सडपातळ समजतो.

शिक्षकांसाठी हिशेब असा. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर ६८ किलोला हा भागाकार २५ येतो. जगात सर्वसाधारणपणे २५ ही सीमा धरतात. आशियातील लोकांनी २३ पासूनच सावध व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली सुचवले. वर्गात हे गणित जरूर घाला. मात्र कुणा मुलाचे वजन चारचौघांत वाचून त्याला हसू नका. ओट्यावर माझी मान कशी खाली गेली, ते मी आपल्याला सांगितलेच आहे. मी तर जाणता माणूस. लेकराच्या मनाला ते फार लागते.

तर मग आज गावाला आधार कोणाचा? इथे इतिहास आपल्याला निराश करीत नाही. १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. बीडच्या सीमेलगतचा हा दुष्काळी मुलूख. त्यांनी गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, आरोग्याचे शिक्षण दिले. गावाची कुस बदलली ती ह्या बायांनी. बाहेरचा डॉक्टर आठवड्याने येई. पण शेजारीण रोज भेटे. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, त्यामागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव उभा होता. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले; आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. आशाताई जो कागद भरतात त्यात वय, कमरेचा घेर, तंबाखू, दारू, आठवड्याला निदान १५० मिनिटे अंगमेहनत होते की नाही, आई-वडिलांना साखर वा रक्तदाब आहे का, असे प्रश्न असतात. गुण चारच्या वर गेले की पुढची तपासणी. हे सारे आपल्या दारात, विनामूल्य होते. आणि आपण मात्र ते सरकारी काम म्हणून टाळतो.

आणखी एक उदाहरण मराठवाड्याचेच. डॉक्टर श्रीकांत जिचकारांच्या एका व्याख्यानापासून स्फूर्ती घेऊन लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेले डॉक्टर जगन्नाथ दीक्षित ह्यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा प्रचार केला. ह्या पद्धतीवर आहारतज्ज्ञांत बराच वाद झाला, आणि तो वाद मिटवणे हे इतिहासाच्या प्राध्यापकाचे काम नव्हे. पण ह्या चळवळीत माणसांनी फोनवर आपापले गट केले, अनुभवी माणूस नव्याला धीर देऊ लागला, ही गोष्ट मला तालमीच्या जवळची वाटते. पुन्हा तेच. विचारणारे कुणीतरी हवे.

आता आपण विचाराल, आम्ही करावे तरी काय? मी डॉक्टर नव्हे. पण इतिहासाने जे दाखवले त्यावरून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, वेळ आणि जागा ठरवा. मारुतीचा पार, शाळेचे पटांगण, काहीही चालेल. रोज पाऊण तास. चालणे, सूर्यनमस्कार, लेझीम, कबड्डी, ज्याला जे झेपेल ते. दुसरी गोष्ट, ह्यात बायकांची वेळ आधी ठरवा. बचत गटाची बैठक आहेच. तिला अर्धा तास चालण्याची जोड द्या. घरात स्वयंपाक जिच्या हाती, तिला वगळून कोणाचेही ताट बदलत नाही. तिसरी गोष्ट ताटाची. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी हे आपलेच आहे. ते परत आणा, आणि चहातली साखर व तळलेले हळूहळू कमी करा. उपास करून वजन उतरवू नका. ज्यांना साखरेच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी खाण्यात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी तर मुळीच खाणे तोडू नये. मुलीच्या ताटात काही कमी पडू देऊ नका, कारण पुढच्या पिढीच्या पोटाचा हिशेब तिथूनच सुरू होतो. चौथी गोष्ट, महिन्यातून एकदा पट्टी लावा आणि आकडा स्वतःच्या वहीत लिहा. आणि हो, एकावर विसंबू नका. दोन-तीन माणसे तयार ठेवा, म्हणजे वस्ताद गेला तरी हौदा उकरला जाईल.

शिक्षक मित्रांना एक विनंती. आपल्या गावात तालीम कधी होती, कोणी बांधली, वस्ताद कोण होते, ती कधी बंद पडली, हे मुलांना म्हाताऱ्या माणसांकडून लिहून आणायला सांगा. गावचा हा इतिहास कोणत्याही दप्तरात नाही. तो आप्पांसारख्यांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे आता थोडी उरली आहेत.

माझ्यापुरते सांगतो. त्या दिवशी आशाताईंना मी उत्तर दिले, "ताई, तालीम बंद पडली, कारण वस्ताद गेल्यावर कोण आले नाही हे विचारणारे कोणी उरले नाही." त्या म्हणाल्या, "मग मी विचारते की सर! दर रविवारी फोन करीन." आणि त्या खरोखर करतात. "चाललात का?" एवढेच विचारतात. कधी मी खोटे बोलायला जातो. पण मग पट्टी आठवते. दिवाळीला आजोळी गेलो तेव्हा पट्टी सत्त्याण्णववर थांबली. चार सेंटिमीटर म्हणजे काही मोठा पराक्रम नव्हे. नव्वद अजून लांब आहे.

तालमीतल्या खताच्या गोण्या अजून तिथेच आहेत. पण देवळापुढच्या पटांगणात सकाळी सात-आठ बाया आणि पाच-सहा पुरुष जमतात. आप्पा गुडघ्यांमुळे चालत नाहीत. पारावर बसून कोण आले नाही ते मोजतात, आणि न आलेल्याच्या नावाने हाक मारतात. वाचकहो, आपल्या गावी हे मोजणारे कोण आहे? नसेल तर उद्या सकाळी आपणच पारावर जाऊन बसा.